स्वसंरक्षणासाठी काता की तुल?

स्वसंरक्षण हाच हेतू असेल, तर शोतोकान या कराटे शैलीतील काता आणि आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) तायक्वांदोतील तुल, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींचे क्रम, यांची तुलना मनगट सोडवण्याच्या हालचालीवरून करावी, कारण ती दोन्हींकडे सुरुवातीच्या टप्प्यातच येते.

हेइआन शोदान या कातात गेदान बराईनंतर (हात खाली झटकून केलेल्या बचावानंतर) पुढचा पाय मागे ओढत त्याच हाताची मूठ गोलाकार फिरवून वरून खाली हाणली जाते. पकडलेले मनगट हाताच्या जोरावर न ओढता शरीराचे वजन मागे नेऊन हिसडायचे आणि सुटलेल्या हाताने लगेच प्रहार करायचा, असा तिचा प्रचलित अर्थ आहे. दो-सान या तुलमध्ये बोटांनी खुपसलेला हात पकडला गेला असे धरून मनगट पिळतात, पूर्ण गिरकी घेतात आणि दुसऱ्या मुठीच्या पाठीने फटका मारतात. गिरकीत क्षणभर पाठ हल्लेखोराकडे होते. म्हणून मला कातातील हालचाल अधिक भरवशाची वाटते.

काताची दुसरी जमेची बाजू म्हणजे हिकिते, अर्थात कमरेशी परत येणारी मूठ. त्या हाताने समोरच्याची बाही किंवा मनगट धरून खेचले, तर त्याचा तोल जातो आणि दुसऱ्या हाताचा ठोसा नेमका लागतो. रिकामा हात कमरेशी ठेवण्याला मात्र प्रत्यक्ष झटापटीत काही अर्थ उरत नाही. हिकिते तुलमध्येही आहे, कारण आयटीएफचे संस्थापक चोई होंग ही जपानमध्ये शोतोकान शिकले होते. तरी तिथे तिचा भर प्रहाराला प्रतिक्रियेचे बळ देण्यावर आहे.

तुलची बाजू वेगळ्या कारणाने भक्कम आहे. 24 तुलमधील हालचालींचा हेतू चोई यांनी लिहून ठेवला आहे. याउलट कराटेचे ओकिनावन शिक्षक आंको इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावातील शाळांसाठी रचलेल्या पिनान या काता-मालिकेतून, जिला शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशींनी पुढे हेइआन हे नाव दिले, कवायत सर्वदूर पोहोचली, पण बुंकाई, म्हणजे हालचालींची उकल, शिक्षकागणिक बदलत राहिली.

म्हणून प्रवेशापूर्वी एक तास बसून पाहावा. जोडीदार खरोखर घट्ट पकडतो आणि बुंकाई विरोधासह करून घेतली जाते, असे दिसल्यास कराटे निवडावे. काता केवळ बेल्ट परीक्षेपुरता असेल आणि जवळच्या आयटीएफ वर्गात होसिनसुल, म्हणजे स्वसंरक्षणाचा सराव, नियमित घेतले जात असेल, तर तायक्वांदोच घ्यावे.