अंजुण्याच्या पाण्याकाठचे ‘सरकारी’ तंबू

गोव्यात पर्यटक फसतात ही बातमी आम्ही गोवेकर चहाबरोबर वाचतो. कुणाला किनाऱ्यावरच्या बंगल्याचे फोटो दाखवून पैसे घेतले, तो बॅगा घेऊन आला तर तिथे नुसता माड. आम्ही हसतो आणि पान उलटतो. मी डिचोलीचा. आणि मी फसलो तो अंजुण्याच्या धरणावर, घरापासून पाऊण तासाच्या अंतरावर. चार महिने हे कुणाला सांगितलं नाही त्याचं कारण एवढंच. पैशांपेक्षा लाज जास्त होती.

झालं असं. माझी ताई बेळगावला असते. नाताळच्या सुट्टीत ती, भावोजी आणि दोन मुलं येणार होती. दरवेळी किनाऱ्यावर जायचं आणि गर्दीत गाडी लावायला जागा शोधत फिरायचं, याचा भावोजींना कंटाळा. ते म्हणाले, “यावेळी समुद्र नको. डोंगरात कुठं तरी तळ्याकाठी तंबूत राहू.” मला ते पटलं. ती मंडळी चोर्ला घाटातून उतरणार, आम्ही डिचोलीहून साखळी, पर्ये, मोर्ले करत केरीला पोचणार. अंजुण्याचं धरण दोघांच्याही वाटेवर. रात्री शेकोटी, सकाळी पाण्यावरचं धुकं. मोबाईलवर शोधलं तर पहिल्याच फटक्यात पान उघडलं : ‘सरकारी लेकसाइड कॅम्पिंग ग्राउंड, अंजुणे’.

त्यातल्या ‘सरकारी’ या शब्दानं माझी अर्धी अक्कल तिथेच गहाण पडली. खासगी कॅम्प असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. सरकारी म्हटल्यावर वाटलं, सोयी फार नसतील, संडास अंमळ कळकट असेल, पण बुडवणार तरी नाहीत.

फोटो सुरेख होता. निळं पाणी, पाण्याला टेकलेली हिरवळ, तिच्यावर ओळीनं सात-आठ नारिंगी तंबू आणि मागे उंच, टोकदार झाडांची भिंत. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिनं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. “पप्पा, ही झाडं आपल्याकडची नव्हेत. देवदार वाटतात.” मी म्हटलं, “सुरूची झाडं असतील.” “सुरू डोंगरात?” “वन खात्यानं लावलं असेल.” विषय संपला. बापाला उत्तर सापडलं की बापाचं समाधान होतं.

आता तो फोटो पुन्हा बघतो तेव्हा झाडं राहू देत, ती हिरवळच मला हसते. अंजुणे हे तळं नव्हे, धरण आहे. पावसाळ्यात भरतं आणि डिसेंबरात पाणी काठोकाठ, थेट झाडोऱ्यात शिरलेलं असतं. सपाट काठ असा उरतच नाही. काठ दिसायला लागतो तो पुढे उन्हाळ्यात, आणि तेव्हाही तिथे हिरवळ नसते, चिखल आणि भेगा असतात. धरणाचा काठ वर्षभर सरकत असतो, त्याच्यावर कायमचा तंबूतळ कोण आणि कसा बांधणार? साळावलीच्या धरणाला हेच. तिथे तर पाणी उतरलं की मे महिन्यात बुडालेलं कुर्डी गाव वर येतं, आणि आपण गाड्या घेऊन ते बघायला जातो. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असलेलं वेळेवर आठवलं नाही.

फोनवरचा माणूस शुद्ध, गोड मराठी बोलत होता. दर वाक्याला ‘सर’. माणशी बाराशे रुपये आणि वर ‘शासकीय परवाना शुल्क’ तीनशे. आम्ही सात जण, म्हणजे साडेदहा हजार. निम्मे आगाऊ, निम्मे जागेवर. मी 5,250 पाठवले. तासाभरानं त्याचा फोन : “सर, तंबूंची अनामत राहिली. तीन हजार. निघताना परत मिळेल.” तेही पाठवले. झाले 8,250. दोन्ही वेळा मोबाईलवर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं ते एका बाईचं. मी विचारलं, तर म्हणाला, “आमच्या अकाउंटंट मॅडम, सर.” सरकारी पैसा चलनानं तिजोरीत जातो, कुणा मॅडमच्या यूपीआयवर जात नाही, हे मला न कळण्यासारखं नव्हतं. मी स्वतः घरपट्टी भरतो, वाहनाचा कर भरतो.

मग पावती आली. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ती बघून माझ्या साडूनं, जो वाळपईत कारकून आहे, कपाळाला हात लावला. वर तीन सिंहांची मुद्रा. खाली ‘गोवा शासन, पर्यटन विभाग’. त्याखाली गोल शिक्का, ‘तहसीलदार, सत्तरी’.

गोव्यात जन्म काढलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. आपल्याकडे ‘शासन’ नसतं, सरकार असतं. ‘विभाग’ नसतो, खातं असतं : पर्यटन खातं, वन खातं, जलस्रोत खातं. आणि तहसीलदार? सत्तरीत काय, पेडण्यापासून काणकोणापर्यंत एकाही तालुक्यात तहसीलदार नाही. आपल्याकडे मामलेदार. ती पावती घाटावरच्या कुठल्या तरी नमुन्यावरून उतरवलेली होती. साडूनं आणखी एक गोष्ट दाखवली. पावतीवरचा जीएसटी क्रमांक 07 नं सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. गोव्याचा क्रमांक 30, आणि 07 म्हणजे दिल्ली. मी ती पावती आठ दिवस खिशात घेऊन फिरलो होतो, भावोजींना पाठवली होती, वर ‘पक्कं झालं’ असा अंगठाही टाकला होता.

शनिवारी दुपारी निघालो. बायकोनं मसाला लावलेली कोंबडी डब्यात घेतलेली, साखळीत पोई घेतल्या. ताईच्या गाडीत कुंदा. साडेचारला दोन्ही गाड्या केरीत भेटल्या. मोबाईलच्या नकाशावरची खूण आम्हाला धरणाच्या फाटकापाशी घेऊन गेली आणि तिथेच संपली. फाटक बंद. आतून एक वयस्क रखवालदार आला, हातात काठी, डोक्याला मफलर. मी काच खाली केली आणि पावती पुढे धरली. त्यानं ती हातात घेतलीसुद्धा नाही.

“पयशे दिले?”

“दिले.”

“हांगा रातचें कोणाक रावपाक दिनात. ह्या म्हयन्यांत तुमी चवथे.”

मागच्या सीटवर एकदम शांतता. मग तो माणूस समजावून सांगू लागला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती हे मला अजून आठवतं. धरण जलस्रोत खात्याचं. भोवतालचं रान म्हादई अभयारण्याचं, 1999 पासूनचं. रात्री आत कुणी राहायचं नाही, चूल पेटवायची नाही. “वाग आसता हांगा,” तो म्हणाला. ते काही भीती घालायला नव्हे. 2020 च्या जानेवारीत याच सत्तरीत गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले होते, महिनाभर पेपरात दुसरं काही नव्हतं. तेव्हा मी तावातावानं चर्चा केली होती. त्याच रानाच्या काठाला सरकार मुलाबाळांना तंबूत झोपवेल असं मला कसं वाटलं, कोण जाणे.

इथवर तोटा 8,250 चा होता. इथे थांबलो असतो तर हे लिहायलाही बसलो नसतो.

पण मी रागानं त्या ‘सर’वाल्याला फोन लावला. वाटलं होतं बंद असेल. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला, आणि माझ्याआधी तोच हळहळला. “सर, माफ करा. वन विभागानं आजच परवानगी रद्द केली. सगळ्यांचे पैसे परत करतोय. तुमचे आत्ता लगेच करतो.” माझा राग जागच्या जागी उतरला. माणूस पैसे परत द्यायला निघाला की तो चोर वाटत नाही. पैसे नेण्याची त्यांची खरी जागा हीच. आगाऊ रक्कम हे नुसतं गळाला लावलेलं आमिष.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक चौकोनी क्यूआर आला. खाली ‘रिफंड 8,250’. “सर, स्कॅन करा, पिन टाका, रक्कम जमा होईल.” केरीच्या त्या वळणावर रेंज एक काडी येते, एक काडी जाते. काळोख पडत होता, धाकटा भाचा “मामा, भूक” करत होता, भावोजी गाडीबाहेर उभे राहून माझ्याकडे बघत होते. मला ते प्रकरण कसंही करून त्यांच्यासमोर निस्तरून दाखवायचं होतं. मी स्कॅन केला. पिन टाकला. मेसेज आला, तो मी ‘जमा’ म्हणूनच वाचला. मग परत वाचला. 8,250 गेले होते.

“सर, सर्व्हर एरर. दुसरा कोड पाठवतो, दोन्ही रकमा एकदम येतील. 16,500.” आणि माझा अंगठा पुन्हा निघाला होता, खरं सांगतो. मुलीनं मागून हात घालून मोबाईल ओढून घेतला. “पप्पा, पैसे येताना पिन कशाला?”

एवढंच ते वाक्य. पिन लागतो तो पैसे द्यायला. घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही लागत नाही, नंबर दिला की पैसे येतात. हे मला कामावर कुणी विचारलं असतं तर मीच शिकवलं असतं.

पुढचं त्या पोरीनंच केलं. कॉलेजात कुणी तरी येऊन सांगून गेलं होतं, म्हणून ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर तिला पाठ. गाडी मोर्लेपर्यंत मागे घेतली, तिथे रेंज धड मिळाली आणि फोन लागला. पलीकडून त्यांनी कुठलीही प्रवचनं न देता विचारलं : बँक कोणती, रक्कम किती, किती वाजता, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. हा क्रमांक यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. तो शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली, कारण गडबडीत मी मेसेजच पुसून टाकला होता. तसं करू नका, काहीही पुसू नका. त्याचा घाणेरडा डीपीसुद्धा ठेवा. तक्रारीचा क्रमांक मोबाईलवर आला, मग रात्री घरी येऊन सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर पावती, क्यूआर, चॅट सगळं चढवलं.

तासाभराच्या आत फोन केल्याचा उपयोग झाला. दुसऱ्या 8,250 पैकी 6,100 पुढच्या खात्यात गोठवले गेले. वरचे तोवर कुणी काढलेले होते. आठ दिवसांपूर्वीचे पहिले 8,250 कधीच पसार. आणि गोठवलेले म्हणजे मिळालेले नव्हेत. ते सोडवायला अर्ज करावा लागतो, तो अजून चालू आहे. बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी सभ्यपणे सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आमच्याकडून भरपाई बसत नाही. यावर मला वाद घालता आला नाही. पोलीस ठाण्यात मात्र मला वाटलं होतं तसं कुणी हसलं नाही. हवालदारानं फक्त विचारलं, “डिचोलीचेच ना तुम्ही?” ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

कुणी विचारतात, मग रानात राहायचंच नाही का? राहा की. उसगावच्या पुढे बोंडल्याला वन खात्याच्याच कुटिरा आहेत. गोव्यात पर्यटकांना पैसे घेऊन ठेवून घेणाऱ्याला 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा नोंदणीचा क्रमांक मागा आणि तो खरा आहे का ते खात्यातच विचारा. आणि माझ्यासारखे जवळ राहत असाल तर पैसे पाठवण्याआधी एकदा गाडीला किक मारून जाऊन या. पाऊण तास. मी तेवढं केलं असतं तर त्या रखवालदारानं मला फुकटात सगळं सांगितलं असतं.

त्या रात्री आम्ही सगळे डिचोलीलाच परतलो. कोंबडी घरच्या गॅसवर झाली. मुलांनी अंगणात दोन चादरी दोरीवर टाकून तंबू केला आणि त्यात झोपलीसुद्धा. भावोजी एका शब्दानं बोलले नाहीत. ताई मात्र अजून फोन ठेवताना विचारते, “मॅडम बऱ्या आहेत ना?”

फेब्रुवारीत मी पुन्हा केरीला गेलो. रखवालदारानं त्या दिवशी निघताना सांगितलं होतं, त्या कागदाची एक प्रत दे, लोकांना तोंडी सांगून पटत नाही, माझ्याशीच भांडतात. मी पावती आणि तो फोटो एका कागदावर छापला, डिचोलीत लॅमिनेट करून घेतला, वर जाड अक्षरात ‘हे खोटे आहे’ असं मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं. पोचलो तेव्हा फाटकासमोर पुण्याची एक गाडी उभी होती आणि एक गृहस्थ काच खाली करून मोबाईल पुढे धरत होते. मी वाकून पाहिलं. कॅम्पचं नाव बदललं होतं, नंबर बदलला होता. देवदार तेच होते.

“पयशे दिले?” रखवालदार विचारत होता.