आपल्या जिल्ह्यातला गट की परगावचा?

एचआयव्ही असल्याचं कळून दोन-तीन महिने झालेत, गोळ्या सुरू झाल्यात आणि आता कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, अशा माणसासाठी हे लिहितेय. या गोळ्यांच्या उपचाराला एआरटी म्हणतात; त्या जिथे मिळतात त्या एआरटी सेंटरवरच्या समुपदेशक ताई मनापासून ऐकतात, पण दाराबाहेर रांग असते. म्हणून इथे तुलना करतेय ती आपल्यासारख्याच पॉझिटिव्ह माणसांच्या आधाराची. मी 16 वर्षं गोळ्या घेतेय आणि खालचे तिन्ही मार्ग चालून पाहिलेत.

आपल्याच जिल्ह्यातलं पॉझिटिव्ह लोकांचं नेटवर्क कामाला सगळ्यात पक्कं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला घराबाहेर काढलं, तेव्हा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नेटवर्कमधल्या एका मावशींनी माझ्या शेजारी बसून भरून घेतला. तहसीलमध्ये कुठल्या टेबलावर जायचं हे त्यांना पाठ होतं. अंगात ताप असताना दवाखान्यात न्यायलाही जवळचीच माणसं येतात. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: ती माणसं जवळची असतात. पहिल्याच बैठकीत समोर माझ्या माहेरच्या गावची बाई बसलेली होती. दोघी एकमेकींकडे न बघता तासभर बसलो. आज ती माझी जिवाभावाची मैत्रीण आहे, पण ते तीन आठवडे मी नीट झोपले नव्हते.

परगावच्या गटात ही धास्ती नाही. मोकळेपणी रडता येतं, लग्नाचं, शरीरसंबंधांचं विचारता येतं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला की संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे मला तिथल्याच एका जोडप्याने पहिल्यांदा समजावलं. पण जाण्यायेण्यात अख्खा दिवस आणि रोजगार बुडतो. एसटीत आपल्याला मोफत प्रवासाची सवलत आहे हे खरं. पण ती घ्यायची तर कंडक्टरला कागद दाखवावा लागतो, आणि गावच्या गाडीचा कंडक्टर गावाला ओळखतो. मी अजूनही बायकांचं अर्धं तिकीट काढते.

व्हॉट्सॲप गट घरबसल्या मिळतो, रात्री दोनलाही उत्तर येतं. नवी गोळी सुरू झाल्यावर झोप उडाली की 'मलाही तसंच झालं होतं' एवढं वाचूनही धीर येतो. तरी पहिला आधार म्हणून हा मी कुणालाच सुचवत नाही. नंबर सगळ्यांना दिसतो, आणि 'गोळ्या बंद करा, आमचा काढा घ्या' म्हणणारा एखादा तिथे घुसतोच. अशाच एका काढ्यापायी माझ्या ओळखीच्या मुलाने एआरटी सोडली आणि टीबीने अंथरूण धरलं. आपल्या संमतीशिवाय आपली माहिती उघड करायला 2017च्या एचआयव्ही कायद्याने बंदी आहे, पण पुढे गेलेला स्क्रीनशॉट कायद्याने परत येत नाही.

मग निवड कशी करायची? विधवा असाल, मुलं लहान असतील, कागदपत्रांची कामं अडली असतील, तर भीती गिळून आपल्या जिल्ह्याचं नेटवर्क धरा. गावात अजून कुणालाच माहीत नसेल, लग्नाचं वय असेल, तर सुरुवात परगावी करा. समलिंगी मुलांना मुंबईत हमसफर ट्रस्टसारखी संस्था जास्त जवळची वाटेल. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर समुपदेशक ताईंना सांगा, 'बरीच वर्षं गोळ्या घेणाऱ्या एका माणसाशी बोलायचंय.' पुष्कळ सेंटरवर त्या अशी गाठ घालून देतात. 1097 या एड्स हेल्पलाइनचा फोन मोफत आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

बैठकीला जायचं ठरलं तर आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: हजेरीवहीत पूर्ण नाव लिहावं लागतं का, आणि फोटो काढतात का. 'अहवालासाठी काढतो' असं म्हणाले तर 'मी पाठमोरी बसेन' असं सांगा. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या बायका आजही तशाच बसतात.