झिगझॅग शिलाई मशीन उत्तम, पण पेडल आधी तपासा (काही महिन्यांच्या वापरानंतर)

टाके किती, काजं कशी होतात, मोटर किती वॉटची, हे सगळं तुम्ही वाचलेलंच असेल. पेडलबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून मी मुख्यतः पेडलबद्दलच लिहिते आहे.

गेल्या महिन्यात स्विच चालू केला आणि पेडलवर पाय नसताना मशीन सुसाट सुटली. सुईखाली सासूबाईंच्या जुन्या महेश्वरी साडीचा पदर होता. स्विच बंद करेपर्यंत वीतभर शिलाई वाकडीतिकडी झाली. रेशमी ताण्यातले ते बारीक टाके उसवताना जीव मेटाकुटीला आला. तुमच्याकडे असं झालं तर आधी प्लग काढा, बोट सुईजवळ नेऊ नका.

सर्व्हिस सेंटरवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेला असेल." या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्डच नाही! मोटर, पट्टा आणि पेडल, बाकी सगळं यांत्रिक. मग म्हणाला, नवं पेडल १,४५० रुपये, मशीन पंधरा दिवस ठेवून जा, आणि पेडल वॉरंटीत येत नाही. मशीनच्याच खोक्यातून आलेलं पेडल मशीनचा भाग कसा नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. यासाठी सर्व्हिसला शून्य गुण, आणि त्यात मी काही बदल करणार नाही.

शेवटी इथे इंदूरला राजवाड्याजवळच्या गल्लीत एका मशीनवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पेडल उघडून आतला छोटा कपॅसिटर दाखवला. रेडिओ-टीव्हीत खरखर येऊ नये म्हणून तो बसवलेला असतो. तो शॉर्ट झाला की वीज पेडलला वळसा घालून थेट मोटरला जाते. नवा कपॅसिटर आणि मजुरी मिळून ८० रुपये, काम चहा होईपर्यंत झालं.

इथपर्यंतच असतं तर मी "मोटर कमजोर, जीन्ससाठी घेऊ नका" असंच लिहिणार होते, कारण हळू चालवली की जाड शिलाईवर मशीन अडायची आणि हाताने चाक फिरवावं लागायचं. पण काकांनी सांगितलं की या पेडलमध्ये नुसता रेझिस्टन्स, म्हणजे विजेला अडवणारा भाग, आहे. हळू चालवताना तो मोटरला मिळणारा विजेचा दाब कमी करतो, म्हणजे वेगाबरोबर जोरही जातो, आणि उरलेली वीज पेडलमध्येच उष्णता होऊन वाया जाते. तळपायाला पेडल कोमट का लागायचं ते तेव्हा कळलं. इलेक्ट्रॉनिक पेडल वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडतं, त्यामुळे हळू चालतानाही जोर बराच टिकतो. वॉट आणि पिना जुळवून काकांनी ते ९०० रुपयांत दिलं.

फरक जीन्सच्या पायाशी दिसतो. पाइपिंगसारख्या जाड उभ्या शिलाईत कापडाचे ४ पदर असतात, त्यावर तळाची तिहेरी घडी आली की सुईखाली १२ पदर येतात. १६ नंबरची जीन्सची सुई, टाका ३ ते ३.५ मिमी, आणि कापड दाबणारं फूट वर चढून तिरकं होतं तिथे त्याच्यामागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवायची. आता मशीन टक-टक करत तो उंचवटा पार करते, सुई मोडत नाही. म्हणून मोटरबद्दलचं मत बदललं: मोटर चांगली आहे, कंपनीने काटकसर पेडलमध्ये केली आहे.

महेश्वरीचा कुर्ता झाला. पदराच्या पाच पट्ट्या, तीन रंगीत आणि दोन पांढऱ्या, बरोबर घेरावर आल्या आहेत. काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणून बाहीला उलटा दुमडूनही शोभतो. त्यासाठी ११ नंबरची सुई पुरे. अस्तर एम. टी. क्लॉथ मार्केटमधून, लेस शीतलामाता बाजारातून. जुन्या सुती साड्यांची गोधडीही याच मशीनवर शिवली, पण तिला हाताच्या धावदोऱ्याचा मऊपणा नाही, ते काम आता हातानेच करणार. पिको घरी होतो, तेवढे पैसे वाचतात.

बॉबिन घेताना उंची बघा. शिलाई कारखान्यातल्या मशीनचं बॉबिन याच्यापेक्षा बुटकं असतं, दुकानदार तेच देतात आणि खालचा दोरा गुंततो.

घ्यायला जाल तेव्हा जुन्या जीन्सचा पाय सोबत न्या. दुकानात पातळ मलमलवर भरधाव चालवून दाखवतात. तुम्ही जाड शिलाईवर, अगदी हळू, स्वतःच्या पायाने चालवून बघा आणि पेडल वॉरंटीत आहे हे बिलावर लिहून घ्या.