५६ अंड्यांचं घरगुती उबवणी यंत्र: पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका

परसात पंधरा-वीस कोंबड्या पाळणाऱ्यांकडे हल्ली हमखास दिसणारं हे यंत्र. प्लास्टिकचा डबा, वर पारदर्शक झाकण, झाकणात हीटर आणि पंखा, आत दर दोन तासांनी अंडी कलती करणारे ट्रे, तळाला पाण्याच्या दोन पन्हळी. नावं आणि स्टिकर वेगवेगळे असले तरी बहुतेक यंत्रांची आतली रचना एकच असते, त्यामुळे इथे कुठल्या एका कंपनीबद्दल न लिहिता या प्रकाराबद्दलच लिहिलं आहे. किंमत साधारण सहा ते आठ हजारांच्या घरात जाते.

यंत्र घेण्याजोगं आहे. मात्र ते खोक्यातून काढलं, अंडी भरली आणि प्लग लावला, असं केलं तर पहिल्या खेपेची निम्मी अंडी वाया जाण्याची तयारी ठेवावी लागते. दोष हीटरचा नसतो, पंख्याचाही नसतो. पडद्यावर दिसणारा आकडा आणि अंड्याजवळचं तापमान यांत फरक असतो, आणि तो माहितीपुस्तिकेत धड सांगितलेला नसतो.

पंखा असलेल्या यंत्रात अंड्याला ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. अनेक यंत्रं कारखान्यातून ३८ वर लावून येतात. त्यात सेन्सरची चूक अर्ध्या अंशाची असली, तर अंडी २१ दिवस ३८.५ वर शिजत राहतात. म्हणून आधी यंत्र रिकामं २४ तास चालवायचं. ताप मोजायचा थर्मामीटर अंड्याच्या उंचीवर, ट्रेच्या मधोमध आडवा ठेवायचा आणि अर्ध्या तासाने वाचायचा. तो ९९.५ फॅरनहाइट दाखवायला हवा. हा थर्मामीटर सगळ्यात वर गेलेला आकडा धरून ठेवतो हे ध्यानात असू द्या; पण हीटर किती उसळी मारतो तेही त्यातून कळतं, म्हणून ही अडचण नसून सोयच आहे. फरक आढळला तर ‘सेट’ बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं. पडद्यावर एकामागून एक खुणा येतात: ‘एएल’ आणि ‘एएच’ हे कमी-जास्त तापमानाचे भोंगे, ‘एएस’ हा आर्द्रतेचा, आणि ‘सीए’ म्हणजे सेन्सरची दुरुस्ती. यंत्र अर्धा अंश कमी दाखवत असेल तर ‘सीए’मध्ये तेवढाच अर्धा अंश वाढवायचा. बाकीच्या खुणांना हात लावायची गरज नाही.

कोपऱ्यातली आणि मधली अंडी यांच्या तापमानात अंशभराचाही फरक पडू शकतो. सातव्या दिवशी अंडी तपासायला बाहेर काढली की कोपऱ्यातली मध्ये आणि मधली कोपऱ्यात लावावीत.

आर्द्रतेच्या आकड्यावर तर त्याहून कमी विश्वास ठेवावा. तपासायची पद्धत घरगुती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घालायचं, मीठ ओलसर चिखलासारखं झालं पाहिजे, विरघळून जाता कामा नये. ते आणि वेगळा विकत आणलेला छोटा आर्द्रतामापक एका घट्ट बंद डब्यात सात-आठ तास ठेवायचा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ६९ दाखवत असेल तर तो सहाने कमी सांगतो, एवढं त्याच्यावर लिहून ठेवायचं आणि तो यंत्रात ठेवायचा.

पुस्तिकेत लिहिलेलं असतं: पहिले १८ दिवस एक पन्हळ भरा, शेवटचे तीन दिवस दोन्ही. हा नियम सगळीकडे आणि सगळ्या ऋतूंत सारखा चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात बाहेरची हवाच इतकी दमट असते की पहिल्या १८ दिवसांत थेंबभर पाणी घालायची गरज नसते; घातलं तर अंड्यातलं पाणी आटत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचाच्या आत गुदमरतं. तेच यंत्र उन्हाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यात किंवा विदर्भात लावलं तर दोन्ही पन्हळी भरूनही आकडा चाळिसाच्या वर सरकत नाही, आणि वर ओला स्पंज ठेवावा लागतो. पन्हळीत पाणी किती खोल आहे याने फारसा फरक पडत नाही, पाण्याचा पृष्ठभाग किती आहे त्याने पडतो. म्हणून स्पंजाचा उपयोग होतो, काठोकाठ भरण्याचा होत नाही.

आकड्यांपेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे वजन. दहा अंडी एकत्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची. ५०० ग्रॅम भरली, तर अठराव्या दिवशी ती ४४० ग्रॅमच्या आसपास यायला हवीत, म्हणजे साधारण १२ टक्के घट. नवव्या दिवशी ४७० च्या जवळ असतील तर पाणी बरोबर चाललं आहे. ४८० च्या वर असतील तर पाणी काढून टाका, ४६० च्या खाली गेली तर वाढवा. दर खेपेला हे वजन करणाऱ्याला आर्द्रतामापक नसला तरी चालेल.

अंडी आपोआप फिरवण्याची सोय हा या यंत्राचा सगळ्यात चांगला भाग. हाताने दिवसातून चार-पाच वेळा अंडी फिरवायची म्हणजे तितक्या वेळा झाकण उघडायचं आणि एखादी रात्र राहून जायची. इथे तो प्रश्नच मिटतो. अंडं ट्रेमध्ये ठेवताना निमुळतं टोक खाली हवं. गावरान कोंबडीची अंडी छान बसतात. ६० ग्रॅमच्या पुढची अंडी ट्रेत घट्ट होतात आणि मोटर अडखळते, तेव्हा ५६ चा हट्ट न धरता काही घरं रिकामी सोडावीत.

कुठली अंडी लावायची, याबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. गिरिराज, वनराज हे संकरातून तयार केलेले पक्षी आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लं निघतात, पण आई-बापाचं वजन आणि अंड्यांचं प्रमाण पुढच्या पिढीत उतरत नाही. तसे पक्षी हवे असतील तर एक दिवसाची पिल्लं उबवणी केंद्रातूनच आणावीत. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. घरच्या यंत्रासाठी गावरान अंडी सर्वांत योग्य. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा. दुकानातली पांढरी अंडी लावून पाहण्यात अर्थ नाही, त्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतोच.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. फ्रिजमधली नकोत, धुतलेली तर अजिबात नकोत. धुतल्यावर कवचावरचा संरक्षक थर जातो आणि जंतू आत शिरतात. शेण लागलेलं अंडं कोरड्या फडक्याने पुसलं जात नसेल तर ते कालवणात घालावं. साठवायला माठाशेजारची गार जागा किंवा ओल्या वाळूवर ठेवलेलं गाडगं, ही जुनी रीत आजही उत्तम.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडं टॉर्चवर धरायचं. लालसर कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला की ठीक. स्वच्छ पिवळं दिसलं तर ते फळलेलंच नाही. शिरा नसून फक्त रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ मेला आहे; असं अंडं आत ठेवलं तर कुजून फुटतं आणि शेजारची दहा अंडी खराब करतं.

अठराव्या दिवशी ट्रे काढून अंडी जाळीवर आडवी ठेवायची, आर्द्रता ६५ ते ७० पर्यंत न्यायची आणि झाकण पुन्हा उघडायचं नाही. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. पहिलं पिल्लू बाहेर आलं की घरातल्या सगळ्यांना ते हातात घ्यायचं असतं. झाकण उघडलं की दमट हवा एका क्षणात निघून जाते, चोच मारलेल्या अंड्याचं आतलं पापुद्र्यासारखं आवरण वाळून पिल्लाला चिकटतं आणि पिल्लू अडकून मरतं. बाहेर आलेलं पिल्लू पोटात ओढून घेतलेल्या बलकावर दोन दिवस सहज काढतं, त्याला दाणापाण्याची घाई नसते. पिसं सुकून फुलली की सगळी एकदम बाहेर काढावीत.

यंत्र कसं लागलं होतं हे पिल्लंच सांगतात. एकोणिसाव्या दिवशीच घाईने निघाली, लहान आणि बेंबीपाशी रक्ताळलेली असली तर तापमान जास्त होतं. बाविसावा-तेविसावा दिवस उजाडला आणि पिल्लं सुस्त, पोट मोठं व मऊ असेल तर कमी होतं. सुजलेली, चिकट पिल्लं म्हणजे पहिल्या १८ दिवसांत पाणी जास्त झालं. फळलेल्या दहा अंड्यांतून सात-आठ पिल्लं आली तर घरगुती यंत्राकडून याहून जास्त मागू नये.

आता विजेचं. हीटर आणि पंखा मिळून ८० वॅट धरले आणि हीटर निम्मा वेळ चालू राहतो असं मानलं, तर २१ दिवसांत २० युनिट जळतात. खर्च किरकोळ आहे, खरा घोर भारनियमनाचा. तास-दीड तास वीज गेली तर झाकण न उघडता वर गोधडी टाकली की पुरे. पहिल्या आठवड्यात अंडी थोडी गार झाली तरी सहन करतात. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतःची ऊब तयार करतो, पण त्याला हवाही जास्त लागते, तेव्हा गोधडीने हवेची भोकं बुजवू नयेत. चार-पाच तास वीज जाणाऱ्या गावात १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रकारच घ्यावा, तो नसेल तर न घेतलेलं बरं. ८० वॅटच्या निम्म्या भाराला साडेतीन अँपिअरच्या आत लागतात, म्हणजे १०० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी अर्धी वापरली तरी रात्र निघते.

दुसरी मर्यादा उन्हाळ्याची. हे यंत्र तापवू शकतं, गार करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४१ अंश झाले की हीटर बंद असूनही आतली अंडी तितकीच तापतात. एप्रिल-मे महिन्यांत मातीच्या घरातली आतली खोली मिळत नसेल तर यंत्र बंद ठेवावं.

चार-पाच कोंबड्या असलेल्या घराला याची गरज नाही. खुडूक कोंबडी दहा-बारा अंडी यंत्रापेक्षा चांगली उबवते, पिल्लांना ऊब देते, घारीपासून राखते. फक्त २१ दिवसांची बैठक आणि पुढे पिल्लं मोठी होईपर्यंतचे दोन महिने ती अंडी देत नाही. कोंबड्या जास्त असल्या की हाच तोटा मोठा होतो आणि यंत्र परवडतं. दोन्हींचा मेळही घालता येतो: एखादी कोंबडी खुडूक असेल तर तिच्याखाली दोन-चार अंडी राहू द्यावीत आणि यंत्रातली एक दिवसाची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवावीत. सकाळी ती सगळ्यांना आपलीच समजते. नाहीतर पिल्लांसाठी बल्बची ऊब वेगळी करावी लागते, पहिल्या आठवड्यात ३५ अंश आणि मग दर आठवड्याला तीन अंश कमी. हा खर्च यंत्राच्या किमतीत कुणी धरत नाही.

प्रत्येक खेपेनंतर तळाचा डबा साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावा. झाकणाला पाणी लावू नये, पंख्यात अडकलेली पिसांची लव कोरड्या ब्रशने काढावी. ती साचली की पंखा मंदावतो आणि कोपरे गार पडतात. घेताना विक्रेत्याकडे पंखा, सेन्सर आणि ट्रे फिरवणारी मोटर हे तीन भाग सुटे मिळतात का ते विचारावं. सेन्सर आणि पंखा जादा घेऊन ठेवावा, कारण बाराव्या दिवशी पंखा बंद पडला तर कुरिअर यायला थांबता येत नाही.