पिल्लू पायातून गेलं: बी-कॉम्प्लेक्सचं सिरप की यीस्ट?

बदकाचं दहा-पंधरा दिवसांचं पिल्लू कळपामागे धावायचं सोडून एका जागी फतकल मारून बसू लागलं, टाचेचा सांधा सुजला, चालताना पाय धनुकलीसारखे वाकले, तर बहुतेक वेळा नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कमी पडलेलं असतं. बदकं पाळणाऱ्यांना हे एव्हाना पाठ झालेलं असतं. अडतं ते पुढे. नायसिन पोटात घालायचं कशातून? पाण्यातून सिरप की खाद्यातून यीस्ट? मी दोन्ही केलंय, वेगवेगळ्या पिल्लांवर.

आपल्याकडे हा त्रास इतका दिसतो, कारण बदकाचं वेगळं खाद्य दुकानात सहसा मिळतच नाही. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, म्हणजे स्टार्टर, आणायचं आणि तेच घालायचं. ब्रॉयलर पिल्लाला किलोभर खाद्यामागे ३५ मिलिग्रॅम नायसिन पुरतं, बदकाला ५५ लागतं. कोंबडी प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून थोडंफार नायसिन स्वतः बनवते, बदकाचा त्या कामात हात आखडता. त्यात आपण प्रेमाने तांदळाच्या कण्या टाकतो. पॉलिश केलेल्या तांदळात नायसिन ते किती असणार!

बाटली उघडण्याआधी पिल्लू एकदा हातात घ्या. चोच रबरासारखी वाकत असेल तर गडबड कॅल्शियम किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची. बोटं आत मुठीसारखी वळली असतील तर रायबोफ्लेविनची (ब-२ जीवनसत्त्वाची). टाचेवरचा स्नायुबंध खोबणीतून सरकून बाजूला गेला असेल तर सिरपही नको नि यीस्टही नको, थेट पशुवैद्यक गाठा. आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं असेल तर ते आजच काढून गोणपाट घाला. गुळगुळीत कागदावर धडधाकट पिल्लाचेही पाय फाकतात.

आता सिरप. त्याची मोठी बाजू म्हणजे ते रात्री नऊ वाजताही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं. आमचा ढम्या संध्याकाळी बसला आणि त्याच रात्री त्याच्या पोटात औषध गेलं. तिसऱ्या दिवशी तो डुगडुगत का होईना उभा राहिला. हे श्रेय सिरपचंच, मी नाकारत नाही. घेताना फक्त बाटलीमागे निकोटिनामाइड (नायसिनचंच एक रूप) किती आहे ते वाचा. कोंबड्यांसाठी ए-डी३-ई टॉनिकची जी बाटली देतात तिच्यात बहुधा नायसिन नसतंच. ती पाजून लोक आठवडाभर वाट बघत बसतात.

पण हिशेब मांडून बघा. लिटरभर पाण्यात नायसिन शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम तरी जायला हवं. माझ्या बाटलीवर ५ मिलीत १५ मिलिग्रॅम लिहिलेलं. म्हणजे लिटरला तीस-चाळीस मिली सिरप, तेही साखरेच्या पाकातलं. पाणी कसलं, सरबतच ते! आणि बदक पाणी नुसतं पीत नाही. चोच बुडवतं, डोकं घुसळतं, जमलं तर अख्खं भांड्यात उतरतं. मापून घातलेलं अर्धं औषध मातीत. दिवसातून चारदा पाणी बदलायचं, म्हणजे चारदा माप घ्यायचं.

तेवढंही मी सोसलं असतं. मन उडालं ते चौथ्या दिवशी सकाळी. पडवीत गेलो तर मुंग्यांची रांग खांबावरून थेट भांड्यापर्यंत. बाकीची पिल्लं उठून बाजूला झाली होती. ढम्याला झटकन उठता येत नव्हतं, तो भांड्याला टेकूनच झोपलेला. पोटाखालची लव पाकाने चिकटून तिच्या बारीक वाती झालेल्या आणि त्या वातींत मुंग्या. कोमट पाण्याच्या टबात धरून मी आणि बायकोने अर्धा तास एकेक मुंगी काढली. पायाने अधू पिल्लू जिथे बसतं तिथून हलत नाही, आणि ते बसतं नेमकं पाण्याजवळ. बाटलीवरचा मजकूर वाचताना हे सुचत नाही. त्या दिवसापासून उरलेलं सिरप मी ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब लावून दिलं. एका पिल्लाला जमतं. सहा पिल्लांना करून बघा.

पुढच्या खेपेला पाच पिल्लं आली तेव्हा चौथ्या दिवसापासून ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवायच्या यीस्टची पूड, सुरू केलं. किलोभर खाद्याला ५० ते ७५ ग्रॅम, म्हणजे वाटीभर खाद्याला हलक्या हाताने भरलेला एक मोठा चमचा. कोरड्या खाद्यात ते भांड्याच्या तळाशी बसतं आणि पिल्लं वरचं वरचं वेचून मोकळी होतात. म्हणून पाण्याचा हबका मारून खाद्य ओलसर करायचं, म्हणजे पूड दाण्याला चिकटते. पहिल्या दिवशी त्या कडवट वासाला पिल्लांनी मान वळवली. वर कुस्करलेले मटार टाकले, मग भांडं चाटूनपुसून साफ.

यीस्टचेही नखरे आहेत. आमच्याकडे ते ऑनलाइन मागवावं लागतं, यायला चार-पाच दिवस. महाग पडतं. पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं की ढेकळं. ओलं खाद्य दुपारपर्यंत आंबतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं. कुत्र्यांच्या यीस्टच्या गोळ्यांत अनेकदा लसूण असतो, त्या नकोत. आणि पावाचं यीस्ट तर मुळीच नको. ते जिवंत असतं, पोटात जाऊन फसफसायचं. आपल्याला हवं ते निष्क्रिय केलेलं.

कुणी सांगेल, शेंगदाण्याची पेंड घाला, तिच्यात नायसिन भरपूर. खरंय. पण पेंडीला बुरशी धरली की तिच्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि त्या विषाला बदकाची पिल्लं इतकी हळवी की एके काळी ते तपासायला प्रयोगशाळेत एक दिवसाची पिल्लंच वापरत. कोकणातल्या जुलैत पेंडीच्या पोत्यावर माझा तरी भरवसा नाही.

नायसिनची साधी गोळी हा मधला मार्ग आहे. ५०० मिलिग्रॅमची एक, चारेक लिटर पाण्यात. पाक नाही, त्यामुळे मुंग्याही नाहीत. पण मेडिकलवाल्याने मला आधी दिली ती कोलेस्टेरॉलवाली, हळूहळू विरघळणारी. ती चालत नाही. साधी मिळाली तर पडलेल्या पिल्लासाठी ती सिरपपेक्षा बरी म्हणेन. धांदरट बदक भांडं उलथवणार ते उलथवणारच, तेवढं धरून चाला.

यीस्ट घातलेल्या त्या पाच पिल्लांतल्या एकाचाही पाय वाकला नाही. पाच पिल्लांवरून छातीठोक काही सांगता येत नाही, शिवाय तोवर मी गोणपाटही घातलं होतं. तुमचं पिल्लू आजच बसलं असेल तर यीस्टची वाट बघू नका. मिळेल ते आज द्या आणि पायावरचा भार उतरावा म्हणून दिवसातून दोनदा कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं तरंगू द्या. पिल्लं अजून यायची असतील तर मात्र यीस्ट आधी मागवून ठेवा. आमच्या फ्रिजच्या दारात सिरपची एक बाटली अजून असते. यीस्टचा डबा रोज उघडतो, तिचं सील अजून फोडलेलं नाही.