विंडोजवर नवा जीसीसी: एमसिस२ कसं आहे आणि इन्स्टॉल करताना कुठे अडतं

विंडोजच्या डेस्कटॉपवर सी आणि सी प्लस प्लससाठी जीसीसी या कंपायलरची ताजी आवृत्ती हवी असेल, तर एमसिस२ (विंडोजवर कंपायलर आणि त्याची साधनं बसवून देणारा संच) घ्यावं. फुकट आहे, अपडेट वेळेवर येतात, आणि कंपायलरबरोबर डीबगर, सीमेक (बिल्डची आखणी करणारं साधन), लागेल ती लायब्ररी एकाच ठिकाणाहून मिळते. इन्स्टॉल करणं सोपं आहे. गाडी अडते ती बहुतेक वेळा त्याच मशीनवर आधीपासून पडून असलेल्या जुन्या कंपायलरमुळे, आणि तो शोधायचा कसा हे नवख्याला कोणी सांगत नाही.

सुरुवातीच्या अटी मोजक्या आहेत. ६४ बिटचं विंडोज १० (आवृत्ती १८०९ किंवा पुढची) किंवा विंडोज ११ लागतं. इन्स्टॉलर सी ड्राइव्हवर एमसिस६४ नावाचं फोल्डर सुचवतो, तेच राहू द्या. स्पेस असलेला किंवा देवनागरी नावाचा फोल्डर देऊ नका. पुढे मेक आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट तिथेच अडखळतात. जुन्या डेस्कटॉपवर डाउनलोड सर्टिफिकेटच्या एररवर थांबलं, तर आधी टास्कबारवरची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागे जातं, आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं मशीनला वाटतं. कुठून तरी मिळालेला जुना इन्स्टॉलर वापरला की पॅकेजं खरी आहेत का तपासणाऱ्या सह्यांच्या किल्ल्या कालबाह्य असतात, त्यामुळे पॅकमॅन (एमसिस२ मध्ये पॅकेजं बसवणारी आज्ञा) ‘अननोन ट्रस्ट’ म्हणत पॅकेज नाकारतो. किल्ल्यांशी झटापट करण्यापेक्षा ताजा इन्स्टॉलर उतरवणं कितीतरी सोपं.

इन्स्टॉल झाल्यावर स्टार्ट मेनूत चार-पाच वेगवेगळी टर्मिनलं दिसतात, आणि पहिली मोठी चूक इथेच होते. उघडायचं ते यूसीआरटी६४. प्रॉम्प्टच्या ओळीत हेच नाव दिसलं पाहिजे. आधी ‘पॅकमॅन -एसवाययू’ द्या (आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत, एस मोठा, बाकी लहान). मध्येच तो खिडकी बंद करायची परवानगी मागतो. होकार द्या, टर्मिनल पुन्हा उघडा आणि तीच आज्ञा पुन्हा चालवा. मग ‘पॅकमॅन -एस मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-टूलचेन’. कोणती पॅकेजं हवीत विचारलं की नुसतं एंटर दाबा, सगळी येतात. इथे लांब नावाचा कंटाळा करून कोणी ‘पॅकमॅन -एस जीसीसी’ लिहिलं, तर भलताच कंपायलर बसतो. त्याने बनवलेला प्रोग्रॅम एमसिसच्या स्वतःच्या डीएलएलवर (प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या लायब्ररीच्या फाइलवर) अवलंबून राहतो आणि दुसऱ्या मशीनवर चालत नाही. ‘जीसीसी -डंपमशीन’ दिल्यावर उत्तराचा शेवट ‘मिंगडब्ल्यू३२’ असा आला, की योग्य कंपायलर बसला. त्यातला ३२ बघून दचकू नका, ते फक्त नाव आहे.

आता मुख्य मुद्दा. पाथमध्ये (विंडोज प्रोग्रॅम ज्या फोल्डरांत शोधतं त्या यादीत) सी ड्राइव्ह, एमसिस६४, यूसीआरटी६४, बिन हा रस्ता जोडला, तरी साध्या कमांड प्रॉम्प्टवर ‘जीसीसी --व्हर्जन’ जुनाच आकडा सांगतो. आकड्यावरून गुन्हेगार ओळखता येतो. ६.३.० दिसलं तर बंद पडलेल्या जुन्या मिंगडब्ल्यूचं (विंडोजसाठीच्या जीसीसीचं) फोल्डर आहे, ८.१.० असेल तर बहुधा कोडब्लॉक्स २०.०३ बरोबर आलेला, ४.९.२ असेल तर डेव्ह-सी प्लस प्लस ५.११ मधला. स्ट्रॉबेरी पर्लसुद्धा आपला जीसीसी घेऊन येतं, हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं. खात्रीसाठी ‘व्हेअर.ईएक्सई जीसीसी’ द्या. पॉवरशेलमध्ये नुसतं ‘व्हेअर’ लिहिलं तर काहीच छापलं जात नाही, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. जी यादी येते त्यातली पहिली ओळ जिंकते.

विंडोज आधी सिस्टिमचा पाथ वाचतं, मग यूजरचा. जुना मिंगडब्ल्यू सिस्टिममध्ये असेल, तर यूजरच्या पाथमध्ये नवा रस्ता अगदी वर ठेवूनही उपयोग शून्य. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीत खालच्या भागातला पाथ उघडा, जुनी ओळ काढा किंवा नवा रस्ता तिथेच जोडून ‘मूव्ह अप’ने वर न्या. हे काम ‘सेटएक्स’ने करू नका; ती आज्ञा १०२४ अक्षरांपुढचा पाथ कापून टाकते आणि बाकीचे प्रोग्रॅम सापडेनासे होतात. बदल केल्यावर टर्मिनल नवीन उघडा. व्हीएस कोड हा एडिटरसुद्धा पूर्ण बंद करून चालू करा, कारण त्याच्या आतलं टर्मिनल जुनाच पाथ धरून बसलेलं असतं.

कधी कंपाइल नीट होतं, पण प्रोग्रॅम सुरू होताच बंद पडतो आणि -१०७३७४१५११ हा आकडा दिसतो. याचा अर्थ ‘लिबएसटीडीसी प्लस प्लस-६’ ही डीएलएल सापडली, पण ती दुसऱ्या, जुन्या कंपायलरची. शेवटचे दोन अंक १५ असतील, तर डीएलएल सापडलीच नाही. पाथचा क्रम सुधारला की दोन्ही प्रश्न सुटतात. प्रोग्रॅम दुसऱ्याला द्यायचा असेल तर ‘-स्टॅटिक’ जोडून बनवा.

व्हीएस कोडमध्ये टास्क्स.जेसन फाइलमध्ये कंपायलरचा पूर्ण रस्ता लिहिलेला असतो, तोही बदला. सीमेक वापरत असाल तर जुनं बिल्ड फोल्डर सरळ उडवा, त्याच्या कॅशमध्ये जुना कंपायलर नोंदलेला असतो. आणि हो, एमसिस२ मध्ये मेकचं नाव ‘मिंगडब्ल्यू३२-मेक’ आहे.

कालपर्यंत चालणारा कोड आज एरर देतो, हे इन्स्टॉलेशन बिघडल्याचं लक्षण समजू नका. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून सी मध्ये न जाहीर केलेलं फंक्शन वापरणं ही सूचना राहिली नाही, थेट एरर झाली. एप्रिल २०२५ च्या जीसीसी १५ ने सी साठी सी२३ हे मानक गृहीत धरलं. त्यात ‘बूल’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ हे राखीव शब्द आहेत, म्हणून स्वतःचा ‘बूल’ टाइपडेफ करणाऱ्या जुन्या फाइली अडतात. रिकाम्या कंसाने जाहीर केलेल्या फंक्शनला आर्ग्युमेंट दिलं तरी तेच. तात्पुरता इलाज म्हणून ‘-एसटीडी=जीएनयू१७’ द्या. टर्बो सी वर शिकलेल्यांचे क्लिअरस्क्रीन, ग्राफिक्स.एच, आयओस्ट्रीम.एच मात्र कुठल्याही पर्यायाने चालणार नाहीत. तो कोड बदलावाच लागेल, आणि बदलावा. प्रोग्रॅममधून मराठी छापताना अक्षरांऐवजी खुणा आल्या, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे ना बघा आणि टर्मिनलमध्ये आधी ‘सीएचसीपी ६५००१’ द्या.

एमसिस२ ची एकच गोष्ट खटकते. अपडेट केलं की सगळंच पुढे सरकतं. जीसीसी १४ वर थांबून बाकी नवीन घ्यायचं, अशी सोय नाही. सेमिस्टरभर एकच आवृत्ती हवी असलेल्या लॅबसाठी विनलिब्सची (जीसीसीची तयार झिप देणाऱ्या साइटची) झिप बरी: उघडायची, बिनचा रस्ता पाथला जोडायचा, झालं. दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात. पण क्यूटी, ओपनसीव्ही, एसडीएलसारख्या लायब्ररी लागणार असतील तर एमसिस२ घ्या आणि परीक्षेच्या किंवा डेमोच्या आदल्या आठवड्यात ‘-एसवाययू’ला हात लावू नका.