अ‍ॅम्ब्युलन्समधला ईसीजी: यंत्राने वाचावा की क्लाउडने?

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १२ लीडचं, म्हणजे हृदयाचा आलेख १२ बाजूंनी काढणारं, ईसीजी यंत्र घ्यायचं म्हटलं की दोन प्रकार समोर येतात. एकात यंत्र स्वतःच आलेख वाचतं आणि हार्ट अटॅकची शंका कागदावर छापतं. दुसऱ्यात आलेख टॅबवरून क्लाउडवर जातो; तिथे आधी एआय, मग डॉक्टर तो बघतात आणि निदान कळवतात. आमच्या ट्रस्टच्या गाडीवर दोन्ही वापरून झाले. ही गाडी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला जाते, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

निदानात क्लाउड सरस वाटला. हृदयाच्या मागच्या बाजूचा अटॅक यंत्राच्या नजरेतून निसटू शकतो, आणि गाडी हलत असली तर नसलेलंही छापून येतं. पलीकडे माणूस असला की तो 'पाठीवर लीड लावून पुन्हा काढा' म्हणतो. ही सोय मोठीच.

तरी मन बसलं नाही ते लॉगिनमुळे. थोडा वेळ हात लावला नाही की क्लाउडवाल्या टॅबमधलं अ‍ॅप बंद होतं आणि पुन्हा ओटीपी मागतं. घाटात रेंज नाही, हातात ग्लोव्ह्ज, समोर पेशंटला दरदरून घाम. पेशंटजवळ पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा, हे गाडीवरच्या मुलांना पाठ आहे. ती साधा ईसीजी काढतात, कागदाचा फोटो घेतात आणि रेंज आली की नावासकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. मुलांना मी दोष देणार नाही. पण २०२३चा डेटा संरक्षण कायदा राहिला बाजूला, एका माणसाचं आजारपण ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन बसतं, आणि हे घडतं सुरक्षेसाठी लावलेल्या ओटीपीमुळेच.

स्वतः वाचणाऱ्या यंत्राला आमच्याकडे छोटा पिन आहे, तो ग्लोव्ह्ज घालूनही दाबता येतो. आलेख आतच एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात, राहतो, रेंज मिळाली की ठरलेल्या डॉक्टरांकडे जातो. यंत्र चोरीला जाण्याची धास्ती असते, म्हणून एन्क्रिप्शन चालू करूनच ताब्यात घ्या.

पुण्या-मुंबईत गाडी फिरणार असेल तर क्लाउड कदाचित बरा पडेल. कॅथलॅबला, म्हणजे हॉस्पिटलात हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडतात त्या विभागाला, आधीच वर्दी जाते. घाटातल्या गाडीसाठी मात्र मी यंत्रवालाच घेईन. डेमो शोरूममध्ये बघू नका. विक्रेत्याला रेंज नसलेल्या वळणावर न्या, ग्लोव्ह्ज द्या आणि टॅब बंद पडल्यावर त्यालाच ईसीजी काढायला सांगा.